तात्यांचा बुरूज, लक्ष्मीबाईंचं वऱ्हाड

माझ्या आजोबांना, म्हणजे आमच्या तात्यांना, मारुती पोखरकरांना, कुणी विचारलं की "तुम्ही मोजणीच्या ऑफिसात शिपाई होतात ना?", तर ते आधी मोठा श्वास घेतात. मग साखळी ताणून धरावी तसा आवाज ताणतात. "शिपाई नाही. चेन-मन."

चेनमन म्हणजे जमीन मोजताना लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून नाकासमोर चालणारा माणूस. साहेब छत्रीखाली बसून नकाशा काढणार, तात्या उन्हात साखळी ओढणार. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचं आणा. तात्यांना रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. आता मोजणी सॅटेलाइटवरून होते, पण आमच्या घरापासून ठाकुर्ली स्टेशन अजूनही बेचाळीस साखळ्या तीन आणेच आहे. रिक्षावाल्यालाही ते हेच सांगतात. रिक्षावाला म्हणतो, "काका, बसायचं तर बसा."

"मला बघायला आले तेव्हा," आमची कलावतीआजी पाहुण्यांना सांगते, "सगळे माझ्याकडे बघतायत आणि हे खाली बघून ओठ हलवतायत. मला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. नंतर कळलं, उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत पावलं मोजत होते."

"साडेनऊ," तात्या म्हणतात.

तात्यांचं आख्खं आयुष्य एका वाक्यावर उभं होतं. "खूण म्हणजे खूण. ज्यानं लावली त्याची. आपण तिला हात लावायचा नाही." हे वाक्य मी त्यांच्या आवाजात, त्यांच्या खाकरण्यासकट म्हणू शकते. एकदा कुठल्याशा गावात एका बड्या शेतकऱ्याने त्यांना हद्दीचा दगड हातभर सरकवायला सांगितला होता. तात्या नाही म्हणाले. तीन दिवस त्या गावात त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळ्या नोकरीत दुसऱ्याची एकही खूण हलवली नाही, हे सांगताना तात्या तर्जनी वर करतात, आणि ती खाली येईपर्यंत आमच्याकडे कुणी पोळीचा तुकडा मोडत नाही.

गेल्या जानेवारीत एका रविवारी ती तर्जनी खाली आली.

दुपारी जेवायला योगिनीताई आलेली. योगिनीताई माझी चुलत बहीण. ती पुरातत्त्व शिकते आणि खूश झाली की क्रियापदं गिळते. "तात्या, फोटो! करवलीचा माळ! मॅडम वेड्या! मी वेडी!"

"ते आम्हाला माहितीय," आजी म्हणाली. "आधी ताट घे."

करवलीचा माळ म्हणजे कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या बाजूला, करवलीपाडा नावाच्या गावामागची टेकडी. तिथे छातीएवढी उंच दगडांची रास आहे. योगिनीताईच्या प्रमोदिनी मॅडमचं म्हणणं होतं, की ही रास अडीच हजार वर्षांची असणार. या भागात लिहिणं-वाचणं पोचायच्या आधीच्या माणसांनी आपलं कुणीतरी पुरलं आणि वर दगड रचले. विदर्भात अशी थडगी भरपूर आहेत, आपल्या बाजूला सापडणं म्हणजे आश्चर्यच. आणि नेमकी हीच टेकडी एका बाजूने खडीची खदान खात आलेली. पंधरा दिवसांत मॅडमचा अहवाल सरकारकडे जाणार होता. तो गेला की खदान थांबेल, या आशेवर सगळं गाव मॅडमच्या पाठीशी उभं होतं.

तात्यांनी फोन हातभर लांब धरला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. कालवलेला घास तसाच ताटात राहिला.

"हा बुरूज आहे," ते म्हणाले.

"बुरूज किल्ल्याला असतो, तात्या."

"हद्दीलाही असतो. दगड रचून केलेली खूण. तीन गावांच्या शिवा इथं मिळतात, म्हणून." मग थांबले. "हा मी रचलाय."

मी फिस्सकन हसले. मला खरंच विनोद वाटला. तात्या वर्षातून एकदा विनोद करतात, जानेवारीतच उरकला म्हटलं.

"तात्या, अडीच हजार वर्षं!" योगिनीताई ओरडली.

"अडतीस. सत्त्याऐंशीचा मे. खालच्या थरात अकरा दगड, वर सतरा. उत्तरेच्या अंगाला खालून दुसऱ्या दगडात खाच आहे बघ. तिच्यात माझं बोट चेचलं होतं." त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती करंगळी वाकडी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. जन्मापासून तशी असेल असं आम्ही धरून चाललेलो.

योगिनीताईने फोनवर दुसरा फोटो उघडला, मोठा केला. खालून दुसरा दगड. खाच.

"पण एवढे दगड आणले कुठून?" तिने विचारलं. हे विचारायला नको होतं.

"आणायचे कशाला? वर माथ्यावर होते की. गोल मांडलेले. आयते."

क्रियापदं गिळणारी योगिनीताई आता सगळंच गिळून बसली. मग अगदी हळू, शाळेतल्यासारखं पूर्ण वाक्य बोलली. "तात्या, ते शिळावर्तुळ होतं. थडगं तिथे होतं. आत माणूस आहे हे कळावं म्हणून ते दगड लावलेले होते."

"खूण होती?"

"हो."

"कुणीतरी लावलेली?"

"हो ना, तात्या."

तात्यांनी फोन पालथा ठेवला आणि ताटात हात धुतला. आमच्याकडे ताटात हात धुतलेला कुणाला सगळ्यात जास्त खपत नसेल, तर तो तात्यांना. आजीने ते ताट उचलून आत नेलं.

जेवणानंतर गॅलरीत योगिनीताई त्यांच्या हातापाया पडत होती. "हे कुणाला बोलू नका. प्लीज. रास खोटी निघाली तर अहवाल गेला, आणि अहवाल गेला तर टेकडी गेली. खदानवाले वाटच बघतायत."

"म्हणजे मी गप्प बसलो तर टेकडी वाचते."

"हो."

"आणि तुझ्या कागदावर माझा बुरूज अडीच हजार वर्षांचा होतो."

योगिनीताईने दोरीवरचा टॉवेल उगाचच सरळ केला.

"रविवारी मला घेऊन चल," तात्या म्हणाले.

तो आठवडाभर त्यांनी रिक्षावाल्याला नुसतं "स्टेशन" सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही कल्याणहून रिक्षा करून करवलीपाड्याला गेलो. आम्ही म्हणजे तात्या, योगिनीताई आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. वर प्रमोदिनी मॅडम टोपी घालून उभ्या. मॅडमचं प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा हं" ने सुरू होतं, आणि मग खरोखरच काहीतरी बघावं लागतं.

"म्हणजे बघा हं आजोबा, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात, कल्पना आहे? अडीच हजार वर्षं!"

तात्या बघत होते, पण वर्षांकडे नाही. त्यांच्या बुरुजावर हळद होती, कुंकू होतं, वाळलेली आंब्याची तोरणं होती, उतरवलेल्या मुंडावळ्या होत्या. आणि दगडांच्या फटींत कोंबलेल्या लग्नपत्रिका. जुन्या पिवळ्या पडलेल्या, नव्या चकचकीत, एक तर गणपतीच्या आकारात कापलेली.

"हे काय?" तात्यांनी विचारलं.

"वऱ्हार हाय आमचा," मागून आवाज आला. लक्ष्मीबाई. गावच्या माजी सरपंच, साठीच्या आसपासच्या, खदानीचा भोंगा वाजत असला तरी ऐकू येईल असा, 'ड'चा 'र' करणारा आवाज. "मॅडमला सांगितला, तुमाला बी सांगते. कवातरी एक वऱ्हार या वाटेनं जाताना दगर जाला. माझा सासरा सांगायचा, वर माथ्यावं पंगतीला बसल्यासारी बसलेली, गोल. मंग माझे लग्नाचे साली, मे महिन्यान, सगला गाव वऱ्हार घेवून माझे माहेरी गेला. दोन दिस गावान कोन नाय. मना घेवून परत आली त काय? पंगत उठलेली! आपले पायान खाली येवून एके ठिकानी उभी! गाव बोलला, नवी नवरी पायगुनाची. तिचे वऱ्हाराबरोबर दगरांचा वऱ्हार बी उठला. तवापासून गावान कुनाचा बी लग्न असू दे, पयली पत्रिका इथं."

"दोन दिवस गावात कुणी नव्हतं," तात्या स्वतःशीच म्हणाले. "कुत्रं नव्हतं. साहेब म्हणाले, बरं झालं, हुज्जत घालायला कुणी नाही. उरकून टाक."

योगिनीताईने त्यांची बाही ओढली. मला दिसलं. तात्यांनी बाही सोडवून घेतली.

"बाई," ते लक्ष्मीबाईंना म्हणाले, "पंगत उठली नाही. मी उठवली."

त्यांनी सगळं सांगितलं. साल, साहेब, दोन मजूर, दोन पहारी, अठ्ठावीस दगड. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि करंगळी खाचेत ठेवली. करंगळीचा वाक आणि खाचेचा वाक एकच. अडतीस वर्षं तो दगड त्यांचं बोट बाळगून होता.

"म्हणजे बघा हं..." मॅडम म्हणाल्या. टोपी काढून हातात घेतली.

लक्ष्मीबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "खा शपथ."

"कुणाची खाऊ?"

"अडतीस वर्स!" त्यांचा आवाज खदानीच्या पलीकडे जाऊन परत आला. "अडतीस वर्स गावान माझे पायगुनाचा कवतिक केला. नव्या नवऱ्या आधी माझे पाया परतात, मंग सासूचे. न यो बाबा सांगतं का मोजनीवाल्यांनी उचलला! मंग तवाच का नाय बोललास रं?"

"ती खूण होती हे मला ठाऊक नव्हतं."

"दगर गोल बसलेली दिसली ना? कोन बसवल? बकऱ्या?"

तात्यांनी खाचेतली करंगळी काढून घेतली.

तेवढ्यात मॅडमने टोपी परत डोक्यावर घातली. "थांबा. म्हणजे बघा हं. मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. ही माणसं जागा अशी निवडायची, की तिथून पाणी दिसेल, डोंगर दिसेल. इथून मलंगगड दिसतो, पण खाडी दिसत नाही. उंची कमी पडते. आजोबा, वरून खाडी दिसायची?"

"दिसायची की. म्हणून तर डबा मी तिथे बसून खायचो. त्या गोलात." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. कुणाच्या उशाशी बसून चटणी-भाकरी खाल्ली ते.

"जागा दाखवाल? दगड हलले असतील, पण माणूस तर नाही हलला! खाली तो अजून असेल!" योगिनीताईचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला.

तात्या मलंगगडाच्या सुळक्याकडे पाठ करून उभे राहिले आणि पावलं टाकायला लागले. एक, दोन, तीन... सातव्या पावलाला थांबले. गुडघ्याकडे बघितलं. "ही पावलं खोटी आहेत. टेप आणा. एक साखळी सहा आणे. म्हणजे पंचेचाळीस फूट साडेचार इंच. गोलाचा मध्य."

"इतकं नक्की कसं आठवतं?" मी विचारलं.

"मोजल्याशिवाय मी काही उचलत नाही."

टेपचं मागचं टोक त्यांनी स्वतः बुरुजाशी धरलं. पुढचं टोक घेऊन योगिनीताई चढावर निघाली. दहा फूट. वीस. तीस. गवत संपलं, उघडा मुरूम लागला. मग ती एकदम थांबली.

"तात्या, पुढे जमीनच नाही."

आम्ही धावत वर गेलो. टेपचं टोक दगडाखाली दाबून तात्याही मागोमाग आले. एक्केचाळीस फुटांवर टेकडी संपत होती. सुरीने कापावी तशी. खाली खदान. तिने पुढे सोडलेला चार फूट टेप हवेत लोंबत होता. समोर टॉवरांच्या फटींतून खाडी चकाकत होती. जागा चुकली नव्हती.

मॅडम टेपचं लोंबतं टोक बघून दोन पावलं मागे आल्या. मी तो टेप गुंडाळायला गेले आणि तात्या ओरडले, "हात लावू नकोस!"

"खदान इथंच का थांबली?" त्यांनी लक्ष्मीबाईंना विचारलं.

"थांबली काय? थांबवली! वऱ्हाराला हात लावायचा नाय म्हनून आमी बाया मशिनीपुढं आरव्या परलो. वऱ्हारापासून चालीस फूट सोरून खना, असा कबूल करून घेतला."

तात्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. ते मोजत होते.

"दगड त्यांच्या जागी असते," ते म्हणाले, "तर तुम्ही तिथून चाळीस फूट धरले असते. खदान तिकडे लांब थांबली असती. ही जागा आख्खी राहिली असती. माझा बुरूज वाचवताना तुम्ही खरं थडगंच खदानीला दिलंत. मी हलवले म्हणून."

"असं नका बोलू," योगिनीताई म्हणाली.

"बोलत नाही. सरळ अंतर आहे."

रविवार असल्याने खदान बंद होती. वळसा घालून आम्ही खाली उतरलो. त्या कापलेल्या भिंतीकडे मॅडमच्या आधी माझी नजर गेली, फुशारकी नाही मारत. पिवळ्या मुरुमात, काठाखाली हातभर, एक काळपट खड्डा दिसत होता. आडवा नाही, उभा कापलेला. केक कापल्यावर आतले थर दिसतात तसा. तळाशी दोन चपट्या शिळा, त्यांच्यावर बारीक दगड, आणि मधोमध एका मडक्याचं पोट. अर्धं. आत माती भरलेली. त्याच्या शेजारी काहीतरी पांढुरकं, लांबट. मॅडम म्हणाल्या, त्याकडे बोट दाखवू नका.

"आहे," योगिनीताई रडत म्हणाली. "मॅडम, तो अजून इथे आहे. अर्धा आहे."

"न बाकीचा अर्धा?" मी लक्ष्मीबाईंना विचारलं. त्यांच्यासारखंच बोलून गेले, नकला करायच्या सवयीने. त्यांनी मनावर घेतलं नाही.

"वरचा मुरूम सगला दिव्याला गेला. चालींच्या भरावाला. तीन पावसाले जाले."

म्हणजे अडीच हजार वर्षं खाडीकडे बघत झोपलेला माणूस अर्धा या भिंतीत आहे आणि अर्धा दिवा स्टेशनच्या बाजूच्या कुठल्यातरी चाळीखाली, जिथे बायका पाण्याच्या टँकरला हंडे लावतात, तिथे. तात्या त्या भिंतीसमोर पायातल्या चपला काढून उभे होते.

मॅडम सावरल्या. मडकं, खड्डा, शिळा, हा पुरावा राशीपेक्षा भक्कम होता. पण वर दगड का नाहीत, हे कुणीतरी विचारणारच. आणि खदानवाले तर म्हणणार, की मडकं तुम्हीच आणून खोचलंत. "म्हणजे बघा हं आजोबा, तुमचा लेखी जबाब लागेल. पण लक्षात घ्या, तो सरकारी कागदाला कायमचा जोडला जाईल. तुमच्या नावासकट."

योगिनीताईने वही काढली. ती सांगायला लागली आणि तात्या लिहायला. "मी, मारुती धोंडिबा पोखरकर, राहणार ठाकुर्ली, लिहून देतो की, सन एकोणीसशे सत्त्याऐंशी साली मौजे करवलीपाडा येथे वरिष्ठांच्या आदेशावरून, अनवधानाने..."

तात्यांचं पेन थांबलं. "वरिष्ठ नको. ते वारले. साहेबांनी बुरूज सांगितला होता, दगड कुठले घ्यायचे ते मी ठरवलं."

"बरं. अनवधानाने तरी ठेवा. तुमच्यासाठीच म्हणतेय. सगळी नोकरी तुम्ही..."

"अनवधान कसलं? मोजून उचलले." त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली आपल्या कोरीव अक्षरात लिहिलं : "माथ्यावर गोल मांडलेले अठ्ठावीस दगड कुणीतरी मांडलेले आहेत हे मला दिसत होते. कुणी, हे मी विचारले नाही. सदर खूण मी हलवली."

सही केली. मग पंच म्हणून सही हवी होती. सगळ्यांनी लक्ष्मीबाईंकडे बघितलं.

त्यांनी वही घेतली, एकेक शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, शेवटच्या वाक्यावर बोट जास्त वेळ ठेवलं. "यावं सही केली का माझा पायगुन गेला," त्या म्हणाल्या. "पुढचे महिन्यान माझे धाकटे पोराचा लग्न हाय."

आग्रह करणार तरी कोण?

लक्ष्मीबाईंनी भिंतीतल्या त्या अर्ध्या मडक्याकडे एकदा बघितलं. मग तात्यांच्या सहीपेक्षा दुप्पट मोठी सही ठोकली. वही मॅडमच्या हातात आपटली, पदर खोचला. "गावाला मी सांगन. आताच सांगते, सगली घरी हान. तू नको येऊ रं, तुना मारतील."

"मारू देत," तात्या म्हणाले आणि चपला पायात न घालता, हातात घेऊनच त्यांच्या मागोमाग गावाच्या वाटेला लागले.